इलेक्ट्रिक एकचाकीला लाईट कसे बसवायचे: मेन बॅटरीला हात न लावता

लातूरला संध्याकाळी क्लास सुटले की पोरं हमखास थांबवतात. पहिला प्रश्न ठरलेला, दादा हे पडत कसं नाही, आणि दुसरा, हे लाईट कुठं बसवून मिळतील. बसवून कुठंच मिळत नाहीत, आपल्यालाच बसवावे लागतात. पण ते नीट बसवायचे तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी डोक्यात पक्कं पाहिजे म्हणून तिथूनच सुरू करतो.

एकचाकी, म्हणजे एकच चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला पॅडल, उभी राहते ती विजेवर. आत जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर असतात, तुम्ही किती झुकलात ते मोटर चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला सेकंदाला शेकडो वेळा कळतं, तुम्ही पुढं झुकलात की मोटर चाक पुढं पळवून तुमच्या खाली आणून ठेवते, मागं झुकलात की ब्रेक लागतो. म्हणजे वीज इथं फक्त पळवायला नाही, उभं ठेवायला पण लागते. स्कूटरची वायर जळली तर स्कूटर हळूहळू थांबते आणि तुम्ही बाजूला घेता. एकचाकीत बॅटरीचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, कट झाला किंवा बोर्ड गेला की त्याच क्षणी पॅडल पुढं कोसळतं आणि माणूस तोंडावर जातो, 25 च्या स्पीडला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून ज्यांनी नुकतंच व्हील, म्हणजे ही एकचाकी, घेतलंय त्यांना माझं एकच सांगणं आहे, लाईट वेगळ्या बॅटरीवर लावा. मेन बॅटरीतून वायर काढायची नाही. व्हिडिओत कोणी दोन मिनिटात काढून दाखवली असली तरी नाही.

अजून एक गोष्ट उरकून घेतो. आपल्याकडं 250 वॅट आणि 25 किमी स्पीडच्या आतल्या बॅटरी गाडीला नोंदणीची सूट आहे, आपल्या व्हीलची मोटर त्याच्या कितीतरी पट मोठी असते. त्यामुळं मेन रोड, बायपास सोडा. कॉलनी, मैदान, शेताकडचा रस्ता इथंच चालवा. आणि लाईटचा रंग डोक्यात ठेवा: पुढं पांढरा किंवा पिवळा, मागं लाल, बाजूला पिवळा-नारंगी. पुढून लाल दिसता कामा नये, मागून पांढरा दिसता कामा नये. लाल-निळा फ्लॅश करणारी पट्टी तर अजिबात नको, तो पोलीस आणि ॲम्ब्युलन्सचा हक्क आहे, लोक बाजूला होतात आणि खरी ॲम्ब्युलन्स आल्यावर होत नाहीत.

आधी रिफ्लेक्टर, मग लाईट

मागच्या गाळपात, कारखाना सुरू होऊन महिना झाला असेल, आमच्या कॉलनीमागच्या पाणंदीतून घरी येत होतो. समोरून उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. माझा हेडलाईट चालू होता, कंपनीचाच, चांगला उजेड देणारा. तरी ट्रॅक्टर माझ्या अंगावरच येत राहिला आणि मी उडी मारून बाभळीच्या कडेला झालो. ड्रायव्हरमामा चांगला माणूस, गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, "खालून काहीतरी पळायलंय एवढंच दिसलं बघा, माणूस हाय असं वाटलंच नाही." त्याचं खरं होतं. व्हीलचा हेडलाईट गुडघ्याच्या खाली असतो. रस्त्याला तो झकास, कारण खालून पडलेल्या उजेडात खड्ड्याची सावली लांब पडते आणि खड्डा लवकर दिसतो. पण समोरच्याला मात्र जमिनीपासून थोड्याच उंचीवर एक ठिपका दिसतो, त्याच्यावर पाच-साडेपाच फुटाचा माणूस उभा आहे हे कळायला काही मार्गच नाही.

त्या रात्रीनंतर मी रंगीत पट्टीचा विचार बाजूला ठेवला आणि आधी या दोन गोष्टी केल्या, तुम्ही पण याच क्रमानं करा.

पहिलं, रिफ्लेक्टिव्ह टेप. ट्रक आणि ट्रॉलीला जी मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली चकाकणारी टेप लावतात तीच, ऑटोमोबाईलच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते. घेताना तिच्यावर एआयएस 090, म्हणजे गाड्यांच्या टेपचं भारतीय मानक, छापलंय का बघा, नुसती चमकणारी रेडियमची टेप वेगळी, तिचा उजेड लांबून परत येत नाही. व्हीलला पुढं पांढरी, मागं लाल, दोन्ही कुशीला पिवळी. एक तुकडा हेल्मेटच्या मागं, एक-एक बुटाच्या टाचेवर. टाच हलत नाही पण पिंढरी गुडघा हलतो, म्हणून जमलं तर पॅंटच्या तळाला पण पट्टा बांधा. बॅटरी नको, वायर नको, पावसात चालते.

दुसरं, हेल्मेटवर लाईट. सायकलचे यूएसबी चार्जिंगवाले छोटे लाईट येतात, पुढं पांढरा मागं लाल, रबरी पट्ट्यानं बसतात. हेल्मेटवर बसवले की उजेड माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतो आणि लोकांना अंदाज येतो. पुढचा लाईट थोडा खाली वाकवून ठेवा, नाहीतर ज्याच्याकडं बघून बोलाल त्याचे डोळे दिपतील. मागचा लाल लाईट सतत चालू किंवा सावकाश लुकलुकणारा, भराभर फ्लॅश होणारा नको, त्यानं मागच्याला अंतर कळत नाही.

एवढ्यावर पुष्कळांचं काम भागतं. वायरीचं काम नको वाटत असेल तर इथंच थांबलात तरी तुम्ही रात्री दिसता, आणि खरी गरज तीच होती.

आता पट्टी

बाजूनं येणाऱ्याला व्हील दिसत नाही, हे पट्टीचं खरं कारण. चौकात आडवं जाताना हेडलाईट पण दिसत नाही टेललाईट पण दिसत नाही. म्हणून दोन्ही कुशीला पट्टी लावायची.

सामान सांगतो. 5 व्होल्टची यूएसबीवाली एलईडी पट्टी, टीव्हीच्या मागं लावतात ती, सिलिकॉनचा थर दिलेली म्हणजे आयपी65 किंवा नळीत घातलेली आयपी67. उघडी पट्टी घेऊ नका, पहिल्याच पावसात जाते. एक पॉवर बँक, 10,000 एमएएचची. दोन पिनची जेएसटी कनेक्टरची जोडी, दोन-तीन घ्या. 22 गेजची सिलिकॉन वायर, ही मऊ असते आणि उन्हात कडक होत नाही. इनलाईन फ्यूज होल्डर आणि 2 अँपिअरचा फ्यूज. हीट श्रिंक ट्यूब, झिप टाय, थ्रीएमची व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी), आयसोप्रोपिल अल्कोहोल. आणि सोल्डरिंग गन. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या आजूबाजूला इलेक्ट्रिकल, मोबाईल स्पेअरची दुकानं धुंडाळली की बहुतेक सगळं एका फेरीत होतं, राहिलेलं ऑनलाईन. सोल्डरिंग जमत नसेल तर मोबाईल रिपेअरवाल्याकडून करून घ्या, त्याचा हात बसलेला असतो, चार सांधे तो पाच मिनिटात देतो.

पट्टीचा हिशोब आधी करा कारण इथं बरेच जण चुकतात. प्रत्येक एलईडीचा रंग बदलता येतो ती डब्ल्यूएस2812बी पट्टी घ्यायचा मोह होतो. तिचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलीअँपिअर खातो. मीटरला 60 एलईडी असतील तर एका मीटरला 3.6 अँपिअर झाले, साधी पॉवर बँक 5 व्होल्टला 2 ते 2.4 अँपिअर देते, म्हणजे ती बंद पडणार किंवा तापणार. तीच पट्टी लाल, हिरवा किंवा निळा अशा एकाच मूळ रंगात लावली तर एका एलईडीला 20 मिलीअँपिअर, मीटरला 1.2 अँपिअर, आरामात बसतं; नारंगीला याच्यापेक्षा थोडं जास्त. 10,000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 37 वॅट-तास, 5 व्होल्ट करताना थोडं वाया जातं, तरी 1.2 अँपिअरला पाचेक तास निघतात. आपल्याला तर एका बाजूला अर्धा मीटर पुरतो. उलटा त्रास पण होतो, पट्टी फारच छोटी असेल तर काही पॉवर बँकेला वाटतं मोबाईल फुल झाला आणि ती आपोआप बंद होते. घरी टेबलावर अर्धा तास लावून ठेवून बघा, मगच पुढचं काम.

मग व्हील बंद करा, चार्जर काढा आणि ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. पट्टी कुठं येणार ते आधी कागदी मास्किंग टेपनं आखून घ्या आणि व्हीलवर उभं राहून बघा, पिंढरी कुठं टेकते, पॅडल दुमडलं की कुठं लागतं. तिथं पट्टी नको. कंपनीचा टेललाईट झाकला जात नाही ना बघा, कारण बऱ्याच व्हीलमध्ये ब्रेक लागला की तोच जास्त उजळतो, त्याच्याशेजारी तुमची लाल पट्टी कायम भकभकत राहिली तर मागच्याला ब्रेक कळणारच नाही. मी म्हणून कुशीला नारंगी लावली आणि मागची बाजू कंपनीवर सोडली.

पट्टी कापताना तिच्यावर कात्रीची खूण असते, तिथंच कापायची. कापलेल्या टोकाला सिलिकॉनचा थेंब सोडून एक रात्र वाळू द्यायचं. बॉडी अल्कोहोलनं पुसायची, पेट्रोल थिनर किंवा नेलपॉलिशचं रिमूव्हर वापरायचं नाही, बहुतेक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला केसासारख्या भेगा जातात ज्या महिन्याभरानं दिसायला लागतात. स्क्रू घट्ट राहावे म्हणून जे निळं थ्रेडलॉकर लावतात ते पण प्लॅस्टिकजवळ नको, कारण तेच. व्हीएचबी टेप अंगठ्यानं अर्धा-एक मिनिट दाबून धरा आणि 24 तास तिला हात लावू नका. घाई केली की मे महिन्यात 42 अंशाला पट्टी लोंबायला लागते. साधी स्पंजची डबल टेप आपल्या उन्हात टिकत नाही, पैसे गेले समजा.

पॉवर बँक कुठं ठेवायची हे लोक शेवटी ठरवतात, आधी ठरवा. दोनशे-अडीचशे ग्रॅम एका कुशीला टांगले तर व्हील त्या बाजूला ओढतं, नवीन माणसाला वाटतं आपला बॅलन्स बिघडला. मधोमध पाहिजे, ट्रॉली हँडलच्या मागं किंवा वरच्या सपाट जागेवर, वेलक्रोनं, म्हणजे काढून घरात चार्ज करता येते आणि उन्हात गाडीवर राहत नाही. बॉडीच्या आत कोंबू नका, आत बोर्ड तापतो, वर ऊन, लिथियमला दोन्ही सोसत नाही. आणि हँडलखाली काही व्हीलना एक बटण किंवा सेन्सर असतो, व्हील उचललं की मोटर बंद करणारा. त्याच्यावर टेप, वायर, क्लॅम्प काही येऊ द्यायचं नाही.

वायरीचं शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वेळी मी एक वायर मडगार्डच्या आतून नेली होती, बाहेरून दिसायला छान वाटत होतं. दहा-बारा दिवसांनी एका बाजूची पट्टी गेली. उघडून बघितलं तर झिप टाय सैल होऊन वायर टायरवर टेकलेली, रबरानं वरचं सिलिकॉन सोलून काढलेलं, आतली तांब्याची तार ब्रशसारखी पिंजलेली आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या. फ्यूज उडाला, पॉवर बँक वाचली, मी घरी आलो. ती वायर मेन बॅटरीची, 84 व्होल्टची, असती तर काय झालं असतं ते वर सांगितलंच आहे. तेव्हापासून वायर बाहेरून नेतो, दर चार बोटांवर टाय, टायरपासून लांब. पॉवर बँकेजवळ फ्यूज, त्यानंतर कनेक्टर, म्हणजे बॉडी उघडायची वेळ आली तर पट्टी ओढत बसावं लागत नाही. अॅक्सलमधून जी जाड केबल बाहेर येते ती मोटरची आहे, तिला काहीही बांधू नका.

झालं की व्हील बंदच ठेवून हातानं चाक फिरवा, कान देऊन ऐका, कुठं घासल्याचा आवाज येतो का. मग हँडल धरून दोन-चार वेळा जमिनीवर आपटल्यासारखं टेकवा, लाईट लुकलुकले तर सांधा कच्चा आहे. मग कॉलनीत दहाच्या स्पीडला पाच फेऱ्या. दोन दिवसांनी सगळे टाय परत बघा.

जास्तीचा हेडलाईट

सायकलचाच घ्या, ज्याचा झोत वरून कापलेला असतो असा. गोल झोताचे टॉर्च लावलेत की समोरच्याला काही दिसत नाही. बसवल्यावर भिंतीपासून 5 मीटरवर व्हील सरळ धरा, भिंतीवरचा उजेडाचा वरचा काठ लाईटच्या उंचीपेक्षा निदान वीतभर खाली आला पाहिजे. हे व्हीलवर उभं राहून पण बघा. स्पीड घेताना व्हील पुढं झुकतं तेव्हा झोत खाली जातो, ब्रेक मारताना मागं झुकतं तेव्हा वर येतो आणि नेमका तेव्हाच समोर कोणीतरी असतं.

मेन बॅटरीतूनच घ्यायचं म्हणणाऱ्यांसाठी

घेऊ नका असं मी म्हटलंय, पण तुम्ही करणार असाल तर का जळतं ते समजून घ्या. तुमच्या व्हीलमध्ये 20 सेल सिरीजला असतील तर फुल चार्जला 84 व्होल्ट, 16 असतील तर 67.2, 24 असतील तर 100.8. एका सेलचे 4.2. आता हे व्होल्टेज पट्टीच्या 5 वर आणायला बाजारात जो छोटा निळा स्टेप डाऊन कन्व्हर्टर सगळ्यात स्वस्त मिळतो त्याच्यावर एलएम2596 आयसी असते, तिची साधी आवृत्ती 40 व्होल्टपर्यंतच. मी एकदा दुकानदाराच्या शब्दावर विसंबून तसला कन्व्हर्टर आणला, "चालतंय, गाडीला लावतात लोक" म्हणाला, टेबलावर 84 ला जोडला आणि पटकन आवाज येऊन त्यातून धूर निघाला. टेबलावर झालं हे नशीब. दुसरा एक्सएल7015 वाला मिळतो, तो 80 व्होल्टपर्यंत, ऐकायला पुरेसा वाटतो पण फुल चार्जला 84 आहेतच. आणि उतारावर ब्रेक मारला की मोटर उलटी वीज बॅटरीत ढकलते, व्होल्टेज अजून वर जातं. फुल चार्ज करून घाट उतरायला गेलं की व्हील बीप मारतं ते यामुळंच. कन्व्हर्टरचा इनपुट आकडा तुमच्या फुल चार्जपेक्षा 15-20 व्होल्टनं तरी जास्त पाहिजे. व्हीललॉगसारखं ॲप ब्लूटूथनं जोडलंत तर चालताना व्होल्टेज किती वर-खाली होतं ते स्वतः बघता येतं, ते बघितल्यावर बरेच जण आपणहून पॉवर बँकेवर येतात.

कंपनीच्या हेडलाईटच्या वायरीला पट्टी जोडायचं पण टाळा. तो सप्लाय तेवढ्याच लाईटपुरता मोजून दिलेला असतो, काही व्हीलमध्ये पंखा पण त्याच्यावरच असतो. यूएसबी पोर्ट दिला असेल तर त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या निम्म्याच्या आत राहून पट्टी चालवता येईल.

बाकीची जोडकामं

पॅड. पिंढरीला आणि नडगीला टेकायला पॅड असले की व्हीलवर ताबा वाढतो. विकतचे महाग आहेत. चपला-बुटाचा माल विकणाऱ्याकडं इव्हीए फोमची शीट मिळते, तळव्याला लावतात ती, तिचे तुकडे कापून वेलक्रोनं लावा. पहिले पंधरा दिवस रोज थोडं वर-खाली सरकवत जागा शोधा, मगच पक्कं चिकटवा. पाय अडकवून ठेवणारे उंच पॉवर पॅड मात्र पहिल्या पाचशे किमीत नको. पडताना पाय सुटला पाहिजे, आणि असे पॅड असले की माणूस मोटरच्या ताकदीपेक्षा जास्त झुकतो.

पॅडलला सॅंडपेपरसारखी ग्रिप टेप लावा, काळी माती बसली की दाताच्या ब्रशनं धुवा. खिळेवाले पॅडल पुढं कधीतरी, नडगी सोलून निघते.

मडगार्ड पाण्याच्या जुन्या कॅनचा कापून छान होतो, पण टायर आणि त्याच्यामध्ये दोन बोटं जागा सोडा. आपली काळी माती पावसात पिठासारखी चिकटते आणि कोरडी होता होता सिमेंट होते. फट भरली की चाक अडतं, मोटर जोर लावते आणि तुम्ही पुढं फेकले जाता. जुलै-ऑगस्टमध्ये शेतरस्त्याला व्हील नेऊच नका, माझं तरी असं ठरलेलं आहे.

टायर. आपल्याकडं खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूबमध्ये सीलंट आधीच भरून ठेवा, पंक्चर झाल्यावर नाही. हवा दर आठवड्याला मोजा, व्हॉल्व्ह आत दबलेला असतो म्हणून वाकडा एक्स्टेंडर घ्या. पण तो कायमचा लावून ठेवू नका, हवा भरली की काढा, चालताना हलून व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब कापतो.

आणि टायरसाठी म्हणा की कशासाठी, बॉडी उघडायची वेळ आलीच तर प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाईलनं फोटो घ्या. मेकॅनिक ओळखीचा असला तरी. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आत बॅटरीचा पॅक असतो. मी जुन्या अंड्याच्या ट्रेमध्ये एकेका खोबणीत स्क्रू ठेवतो आणि खोबणीवर मार्करनं नंबर टाकतो, फोटोत पण तोच नंबर दिसेल असा.